नळाच्या पाण्यातला पिवळा रंग

सोलापुरातल्या आमच्या पेठेत नळाला पाणी साधारण चार-पाच दिवसांनी येते, आणि बहुतेक वेळा पहाटे येते. रस्त्याच्या टोकाला चावी फिरवल्याचा लोखंडी आवाज झाला की एकेका घरात दिवे लागतात, मोटारी घरघरू लागतात आणि कोणी ना कोणी समोरच्या घराला हाक मारून विचारते, "आले का हो तुमच्याकडे?" नळ आधी बराच वेळ नुसती हवा फुसफुसत सोडतो, मग चहासारखे तांबूस पाणी पडते, आणि पाच-सात मिनिटांनी ते निवळते. याच वेळी मी हातात एक लहानशी लाकडी पेटी घेऊन नळापाशी उभा असतो. त्यामुळे गल्लीत माझ्याविषयी काय बोलले जाते, याची मला कल्पना आहे.

पेटीत दोन काचेच्या नळ्या, रंग जुळवण्याची एक पट्टी आणि ऑर्थोटोलिडिनची एक बाटली आहे. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळेची जी सवय सुटली नाही, तिचे हे अवशेष आहेत. नळीत पाणी घ्यायचे, बाटलीतले काही थेंब टाकायचे, आणि पाण्याला पिवळा रंग येतो का ते लगेच पाहायचे. रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, आणि तो जितका गडद तितके क्लोरीन अधिक. 'लगेच' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण मोकळे क्लोरीन रंग क्षणात देते, तर अमोनियाशी बांधले गेलेले क्लोरीन तो सावकाश देते. नळी पाच मिनिटे धरून ठेवून मग "बघा, पिवळे झाले" असे म्हणणारा माणूस स्वतःची फसवणूक करून घेत असतो. हे द्रावण आरोग्याला घातक असल्यामुळे नळीतले पाणी मोरीत ओतून द्यावे, पिऊ नये आणि मुलांच्या हाती देऊ नये, हेही येथेच सांगून ठेवतो. आता अनेक ठिकाणी डीपीडी नावाची गोळी वापरतात. तिने गुलाबी रंग येतो आणि मोजमापही अधिक भरवशाचे असते. मी जुन्याच पद्धतीला चिकटून आहे, याला हट्टापलीकडे काही कारण नाही.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळावर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन असायला हवे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा ०.५. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू एकही आढळता कामा नये, हीदेखील त्याच मानकाची अट आहे. पण जिवाणूंची तपासणी प्रयोगशाळेत होते आणि तिचा निकाल हाती येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेले असते. क्लोरीनचे उत्तर मात्र पहाटे चार वाजता, नळाखालीच मिळते. म्हणून मला ते जवळचे वाटते.

आता हे पाणी येते कोठून, तेही पाहू. सोलापूरला तीन ठिकाणचे पाणी मिळते. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव, म्हणजेच १८७१ साली पुरा झालेला एकरूख तलाव, हा सर्वांत जुना. त्याचे पाणी भवानी पेठेतल्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. दुसरे ठिकाण भीमेवरचे टाकळी, तेथले पाणी सोरेगावला शुद्ध होते. तिसरे आणि सर्वांत मोठे म्हणजे उजनी धरण. तेथून पाइपने आलेले पाणी पाकणीच्या केंद्रात शुद्ध होते. टाकळीचे पाणीही मुळात उजनीचेच असते. धरणातून ते नदीत सोडतात, ते पंढरपुरावरून वाहत खाली येते आणि औजच्या बंधाऱ्यात अडवले जाते. वाटेत ते वाळूत मुरते, उन्हाने उडते, काठावरचे पंप ते ओढतात, आणि वारीच्या दिवसांत लाखो वारकऱ्यांची चंद्रभागाही तीच असते. बंद पाइपातून आलेले पाणी आणि उघड्या नदीतून आलेले पाणी यांत कोणाचे राखण सोपे, हे सांगायला अभियंता लागत नाही.

पाण्याचे राखण उजनीपासून सुरू होते असे आपण मानतो, तेही अपुरे आहे. उजनीच्या वरच्या अंगाला पवना मुळेला मिळते, मुळा आणि मुठा पुण्यात एक होतात, इंद्रायणी आळंदीवरून येऊन तुळापूरला भीमेला मिळते, आणि पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महानगरांचे सांडपाणी, काही प्रक्रिया केलेले आणि काही तसेच, या सगळ्या नद्या उजनीच्याच यशवंतसागर जलाशयात आणून सोडतात. सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतांतून येणारे नायट्रोजन व फॉस्फरस हे शेवाळाचे खाद्य आहे. उन्हाळ्यात पाणी संथ आणि उबदार झाले की नीलहरित शेवाळ फोफावते, पाण्यावर हिरवा तवंग धरतो आणि जलपर्णी पसरते. भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी तो हिरवा रंग पाहिलेला असतो, पण तेच पाणी पुढे आपल्या माठात येणार आहे हे सहसा त्यांच्या मनात येत नाही.

१९८० साली पुऱ्या झालेल्या या धरणात सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते आणि त्यातले सुमारे ६३ टीएमसी हा तळाचा मृतसाठा आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक; पातळी त्यात उतरली की टक्केवारी उणे मोजतात. म्हणूनच 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य सोलापूरकरांच्या तोंडी दर उन्हाळ्यात असते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले होते. पातळी तेवढी उतरली की नेहमीच्या जॅकवेलपर्यंत, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीपर्यंत, पाणी पोहोचत नाही, आणि मग दुबार पंपिंग, कधी तिबार पंपिंग करून ते तेथवर आणावे लागते. बातम्यांमध्ये या पंपिंगच्या खर्चाची चर्चा होते. माझ्यासारख्याला दुसरीच काळजी असते: तळाकडचे पाणी अधिक गढूळ, त्यात सेंद्रिय द्रव्य अधिक, शेवाळही दाट. अशा पाण्यात क्लोरीन अधिक खर्ची पडते, सेंद्रिय द्रव्याशी त्याचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी नको असलेली संयुगे तयार होतात, आणि कच्च्या पाण्यातच घाईने जास्त क्लोरीन सोडले तर शेवाळाच्या पेशी फुटून त्यांतला मातकट वास पाण्यात उतरतो. मे महिन्यात नळाच्या पाण्याला ओल्या मातीसारखा वास येतो तेव्हा 'औषध जास्त टाकले' असे आपण म्हणतो. बहुधा ते औषध नसते, शेवाळ असते.

जलशुद्धीकरण केंद्रात काय चालते याविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण विद्यार्थ्यांना घेऊन मी जेव्हा जेव्हा एखाद्या केंद्रावर गेलो तेव्हा मला तो साखळीतला सर्वांत कमी काळजीचा दुवा वाटला. पायऱ्यांवरून पाणी खेळवून त्यात हवा मिसळायची, तुरटी घालून गाळाचे पुंजके बनवायचे, ते खाली बसू द्यायचे, वरचे पाणी वाळूच्या थरातून गाळायचे आणि शेवटी क्लोरीन द्यायचे, हा क्रम शंभर वर्षांहून जुना आहे आणि नीट पाळला तर तो दगा देत नाही. तुरटी किती घालायची हे रोज ठरवावे लागते. सहा चंचुपात्रांत वेगवेगळी मात्रा घालून, ढवळून, कोणत्या पात्रात पुंजके लवकर बसतात ते पाहायचे, याला तेथे जार टेस्ट म्हणतात. पावसाळ्यातल्या पहिल्या पुराच्या दिवशी ही चाचणी करणाऱ्या माणसाचे लक्ष किती ताजे आहे, यावर शहराचा तो आठवडा अवलंबून असतो. गढूळपणा काढणे हे केवळ डोळ्यांच्या समाधानासाठी नसते, कारण मातीच्या कणाआड लपलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. क्लोरीनला आपले काम करायला अर्धा तास तरी द्यावा लागतो, आणि उरलेले क्लोरीन पुढच्या प्रवासात पाण्याच्या सोबतीला जाते.

खरी गोची येथून पुढे आहे, आणि मी ती शिकलो आमच्याच गल्लीत.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. तोवर माझ्या वहीत महिनोन्‌महिने सारख्याच नोंदी होत्या: पहिल्या पाच मिनिटांत फिकट, नंतर चांगला पिवळा. एके पहाटे पाणी आले, निवळले, वास नाही, चवही नेहमीची. पण नळीत थेंब टाकले आणि पाणी होते तसेच राहिले. मला वाटले, द्रावण जुने झाले. ती बाटली घेऊन मी सायकलवर पुढच्या गल्लीत मावसभावाकडे गेलो. त्याच्याकडे त्याच वेळी पाणी सुरू होते. नळीत लिंबासारखा स्वच्छ पिवळा रंग उमटला. तोच जलकुंभ, तीच मुख्य वाहिनी, मध्ये जेमतेम दीडशे पावलांचे अंतर. परत येऊन पाहिले तर आमच्या नळाला अजूनही रंग नव्हता. वीस-पंचवीस मिनिटांनी तो हळूहळू येऊ लागला.

वर्गात मी हे कित्येकदा फळ्यावर लिहिले होते, की सांडपाणी मिसळले की त्यातला अमोनिया आणि सेंद्रिय द्रव्य आधी क्लोरीन खाऊन टाकतात, आणि ती भूक भागल्यावरच क्लोरीन मोकळे उरते. म्हणजे नळावर क्लोरीन शून्य होणे ही अनेकदा घाण वाहिनीत शिरल्याची पहिली वर्दी असते, वास आणि रंग यांच्याही आधीची. त्या दिवशी शेजारच्या अव्वांनी मात्र माझ्या काळजीवर एका वाक्यात पाणी ओतले. "सर, आज पाणी किती गोड आहे, औषधाचा वास नाही," असे म्हणत त्यांनी तीन घागरी भरून घेतल्या. त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. औषध नव्हतेच.

पुढच्या पाळीलाही तसेच झाले, तेव्हा आम्ही तक्रार दिली आणि खोदाई झाली. मुख्य वाहिनी ठणठणीत निघाली. दोष होता तिच्यापासून घरांकडे येणाऱ्या नळ्यांत, ज्यांना आपण सर्व्हिस लाइन म्हणतो आणि ज्या घालून घेण्याची व सांभाळण्याची जबाबदारी घरमालकाचीच असते. आमच्या बाजूच्या तीन घरांच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्या उघड्या गटारीच्या तळातून आडव्या गेलेल्या होत्या, कारण कधीकाळी प्लंबरला रस्ता कमी फोडावा लागावा म्हणून तीच वाट सोयीची वाटली होती. त्यातली एक नळी माझ्या घराची. मजुराने ती बाहेर काढून माझ्या हातात दिली. वरून गंजाचा जाड खवला, आणि सांध्यापाशी करंगळी जाईल एवढे भोक, त्यात काळा गाळ बसलेला. चौतीस वर्षे मी मुलांना पाण्याचे शुद्धीकरण शिकवले होते आणि त्यातली निदान काही वर्षे हे भोक माझ्या उंबऱ्याबाहेर होते.

भोक होते तर पाणी बाहेर जायला हवे, घाण आत कशी येईल, असे मला तेव्हा अनेकांनी विचारले. पाणी दाबाने वाहत असते तोवर ते बरोबर आहे. गळतीतून पाणी बाहेरच जाते, आणि तो दाब हेच वाहिनीचे कवच असते. चावी बंद झाली की हे कवच उतरते. सखल भागातली घरे उरलेले पाणी ओढून घेतात, वाहिनी रिकामी होते, आत दाब राहत नाही, आणि नळी गटारीत बुडालेली असली तर तिथले पाणी भोकातून निवांत आत शिरते. चार दिवस ते तेथेच बसते. पाचव्या दिवशी पहिल्या लोंढ्याबरोबर ते घरात येते. त्यावर आपण सगळे थेट नळाला मोटार जोडतो, म्हणजे पाणी सुरू असतानाही नळीत ओढ तयार करतो. ज्याच्या घरी मोटार मोठी, त्याच्याकडे पाणी जास्त आणि गटारही जास्त. आणखी एक प्रकार आमच्याकडे सर्रास आहे: बोअरचे 'वापरायचे' पाणी आणि नळाचे पाणी एकाच पाइपात जोडलेले असते, मध्ये उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह नसतो, आणि बोअरची मोटार चालली की ते पाणी मागे सार्वजनिक वाहिनीत जाते. एका घराने केलेली ही जोडणी अख्ख्या गल्लीच्या पाण्यात येते.

त्याच सुमारास गल्लीतल्या एका मुलाला कावीळ झाली. ती आमच्या नळीमुळे झाली असे मी म्हणणार नाही. पाण्यातून पसरणाऱ्या कावीळीचे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन आठवड्यांपासून दीड-दोन महिन्यांपर्यंतचा काळ जातो, आणि एवढ्या काळात त्या मुलाने शाळेच्या नळाचे पाणी, लग्नातले पाणी आणि गाड्यावरचा बर्फाचा गोळा असे सगळेच पोटात घेतलेले होते. पाण्याच्या रोगांची हीच अडचण असते की रोग दिसतो तेव्हा ते पाणी वाहून गेलेले असते आणि ज्याच्याकडे बोट दाखवावे असे काही हातात राहत नाही. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने २००४ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत भर शेवटच्या तपासणीवरून काढून पाणलोटापासून ग्राहकापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावरचा धोका आधीच शोधण्यावर दिला. आपल्या राज्यातल्या ग्रामपंचायतींना स्रोतांची पाहणी करून हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतात, त्यामागचा विचार तोच आहे: विहिरीच्या कडेला जनावरे बांधली आहेत का, पाण्यात टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ओल धरलेल्या पोत्यात पडली आहे का, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचते का, हे डोळ्यांनी बघायचे. शहरात आपण गल्लीला असे कार्ड दिले तर किती गल्ल्या हिरव्या निघतील, असा विचार माझ्या मनात येतो, पण तो फार वेळ टिकू देत नाही.

उजनीची सुमारे ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी दररोज १७ कोटी लिटर पाणी आणण्याच्या क्षमतेची आहे, आणि शहरातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर तिची चर्चा 'आता रोज पाणी येणार का' या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. प्रश्न रास्त आहे, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रोज पाणी म्हणजे केवळ सोय नव्हे. वाहिनी जितके तास भरलेली आणि दाबाखाली राहील तितके तास गटार बाहेर राहील. त्यामुळे नियमित पुरवठा हा माझ्या दृष्टीने शुद्धीकरणाचाच एक टप्पा आहे. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन दाखवले ते २००९ च्या सुमारास, आणि तेथे प्रत्येक नळाला मीटर बसवूनच ते साधले. आपल्याकडे मीटर म्हटले की लोक पाठ फिरवतात, हे मला माहीत आहे. शिवाय गावठाणातल्या जुन्या वितरण वाहिन्या आणि गटारीतल्या सर्व्हिस लाइन तशाच ठेवून नुसते धरणातून अधिक पाणी आणले, तर गळतीतून अधिक पाणी जाईल एवढेच.

घरात आल्यावरही पाण्याचे चार दिवस काढायचे असतात. साठवलेल्या पाण्यातले क्लोरीन उडून जाते. उघड्या पिंपात ते दुसऱ्या दिवशी माझ्या नळीला दिसत नाही. त्यानंतर त्या पाण्याला राखण फक्त झाकणाचे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याचे असते. तांब्या बुडवणारा हात किती स्वच्छ आहे यावर सगळे येते, आणि आमच्या घरात नातवंडे आहेत, त्यामुळे मी माठाला तोटीच बसवून घेतली. पावसाळ्यात, किंवा नळीत रंग आला नाही त्या दिवशी, आम्ही पाणी खळखळून उकळतो. पुरी उकळी एक मिनिट टिकली की पुरते. आरओ यंत्राविषयी मला नेहमी विचारतात. ते क्लोरीनही काढून टाकते, म्हणून त्याचे पाणी साठवण्यात शहाणपण नाही. आणि कार्यालयांत, लग्नांत दिसणारा तो सील नसलेला जार थंड असतो, यापलीकडे त्याच्याविषयी काही खात्रीने सांगता येत नाही.

एका सवयीविषयी मात्र मला बोलल्याशिवाय राहवत नाही. ताजे पाणी आले की उरलेले चार दिवसांचे 'शिळे' पाणी अंगणात ओतून देण्याची आपल्याकडे घाई असते. झाकून ठेवलेले पाणी शिळे होत नाही, धरणात ते महिनोन्‌महिने असतेच. उलट शिळे खरे म्हणाल तर ते पहिल्या पाच मिनिटांचे तांबूस पाणी, जे वाहिनीत चार दिवस पडून होते, आणि नेमके तेच आपण घाईघाईने पहिल्या घागरीत भरतो. आमच्याकडे आता पहिल्या दोन बादल्या जास्वंदीला जातात. पिंपे मात्र आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी लागतात, नाहीतर डेंग्यूचे डास त्यांत आपली पिढी वाढवतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस त्यांना पुरतात.

त्या खोदाईनंतर आम्ही दोन घरांनी नळ्या बदलल्या. नवी नळी गटारीच्या वरून, लोखंडी आवरणातून घेतली, खर्च वाटून घेतला, आणि मी थेट जोडलेली मोटार काढून जमिनीखाली हौद केला. आता नळाचे पाणी आपल्या दाबाने हौदात पडते आणि मोटार हौदातून उचलते. पुण्याने नदीत काय सोडले याचा राग मला आजही येतो, पण आपले सोलापूरचे सांडपाणीही याच भीमेच्या खोऱ्यातून खाली कर्नाटकात जाते, आणि तिकडेही कोणीतरी पहाटे घागर घेऊन उभे असते, हे आठवले की आवाज जरा खाली येतो.

काल पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी पाणी आले. पाच मिनिटांनी ०.२, पंधरा मिनिटांनी ०.५, वास नाही. अव्वांनी कुंपणावरून विचारले, "रंग आला का हो, सर?" आणि मी हो म्हटल्यावरच घागर नळाखाली धरली. तिसऱ्या घराची नळी अजून गटारीतूनच जाते. तिथले भाऊ दिवाळीनंतर बघू म्हणाले आहेत.